जर्मनीत एक्सचेंजचं वर्ष: क्रेडिटपासून परतीच्या मार्कशीटपर्यंत

एक्सचेंजला निवड झाली की घरात पहिली चर्चा थंडीच्या जॅकेटची होते आणि दुसरी लोणच्याच्या बरणीची. खरं तर पहिली चर्चा चौथ्या वर्षाच्या मार्कशीटची व्हायला हवी. परत आल्यावर त्या कागदावर काय छापलेलं असणार, हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे मागे येत वर्षाची आखणी करायची. मी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना तिसरं वर्ष जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका विद्यापीठात काढलं. तेव्हापासून दरवर्षी कॉलेजची दोन-चार मुलं-मुली फोन करतात, कागद दाखवतात, त्यांच्याबरोबर मी पुन्हा सगळ्या पायऱ्या चढते. जे त्यांना सांगते, तेच इथे लिहिते आहे. उदाहरण जर्मनीचं आहे, कारण तिथलं मला नीट माहीत आहे.

आधी शब्दाचा अर्थ पक्का करू. एक्सचेंजला गेलात तरी विद्यार्थी तुम्ही आपल्याच कॉलेजचे राहता. फी इथेच भरता, डिग्रीही इथलीच मिळते. तिकडचं विद्यापीठ शिकवण्याचे पैसे घेत नाही, कारण दोन विद्यापीठांत तसा करार असतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो फी लागते. करारातून आलेल्या एक्सचेंज विद्यार्थ्यांना ती माफ असते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशी फी सुरू केली. एक्सचेंजवाल्यांना भरावं लागतं ते फक्त सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क, ज्यात मेस आणि वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेचा वाटा असतो. म्हणजे करारातली जागा ही मोठी सवलत आहे आणि ती मिळण्याचा रस्ता एकच, तुमच्या कॉलेजचा आंतरराष्ट्रीय विभाग. बाहेरचा कुणी एजंट पैसे घेऊन ‘एक्सचेंज सीट’ देतो म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

कोणत्या वर्षी जायचं

दोन्हीकडची कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा. जर्मन विद्यापीठांत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. प्रत्यक्ष तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, मग एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत. परीक्षा तास संपल्यावर, कधी कधी पार मार्चमध्ये किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. उपयोजित विज्ञानाच्या ‘होखशूलं’ प्रकारच्या संस्था सहसा महिनाभर आधी सुरू होतात. आपल्याकडे पहिलं सत्र जुलै ते नोव्हेंबर, दुसरं डिसेंबर-जानेवारी ते मे.

यातून एक गोष्ट लगेच दिसते. फक्त एक हिवाळी सेमिस्टर करायला गेलात तर आपली दोन्ही सत्रं मोडतात. पहिलं अर्धं सुटतं, आणि फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा देऊन येईपर्यंत दुसऱ्याचा अर्धा अभ्यासक्रम झालेला असतो. त्या मानाने पूर्ण वर्ष सोपं जातं. सप्टेंबरच्या शेवटी जायचं, जुलै-ऑगस्टमध्ये परत. एकच सेमिस्टर जायचं असेल तर उन्हाळी बघा, पण एप्रिलमध्ये निघताना इथली परीक्षा मे महिन्यात असते, तिची सोय आधी लेखी करून घ्या.

चार वर्षांच्या पदवीत तिसरं वर्ष सगळ्यात योग्य. दुसऱ्या वर्षात पायाचे विषय झालेले नसतात. चौथ्या वर्षात प्रोजेक्ट असतो, आणि कॅम्पस प्लेसमेंट तर अनेक कॉलेजांत जुलै-ऑगस्टलाच सुरू होते. म्हणून तिसऱ्या वर्षी जाणाऱ्यांनीसुद्धा परतीची तारीख प्लेसमेंट सेलला आधीच सांगावी आणि उन्हाळी सेमिस्टरमध्ये असे विषय निवडावेत ज्यांची परीक्षा जुलैच्या शेवटापर्यंत आटोपते. परीक्षा कधी होते, तोंडी की लेखी, हे प्रत्येक विषयाच्या माहितीपत्रकात असतं. त्याला तिकडे ‘मोडूलहांडबूख’ म्हणतात. हे पुस्तक वेबसाइटवर सहज मिळतं आणि जाण्याआधी वाचायचं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक तेच.

के.टी. असेल तर आधी ती काढा. राहिलेला विषय मनावर ठेवून परदेशात दुसरीच परीक्षापद्धत शिकणं जड जातं, आणि बहुतेक कॉलेजं निवडीच्या वेळी के.टी. बघतातच.

क्रेडिटचं गणित

इथे घाई करू नका. वर्ष फुकट जातं ते बहुतेक वेळा इथेच, आणि त्याचा पत्ता वर्षभरानंतर लागतो.

युरोपात क्रेडिट मोजतात ‘ईसीटीएस’मध्ये. एका वर्षाला ६०, एका सेमिस्टरला ३०. एका ईसीटीएसमागे विद्यार्थ्याने २५ ते ३० तास काम करायचं असतं, आणि त्यात तास, गृहपाठ, परीक्षेची तयारी सगळं येतं. आपल्याकडचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभर आठवड्याला एक तास शिकवणं, सुमारे १५ तास; घरच्या अभ्यासाची त्यात मोजणी नाही. त्यामुळे दोन्ही आकडे सरळ बदलता येत नाहीत. आपल्या सेमिस्टरला २० क्रेडिट असतील आणि तिकडे ३०, तर आपलं एक क्रेडिट दीड ईसीटीएसला पडतं. तुमचं कॉलेज हाच हिशेब धरतं की दुसरा, हे विभागप्रमुखांना विचारून कागदावर घ्या.

मग एक तक्ता करा. डावीकडे तुमच्या तिसऱ्या वर्षाचे सगळे विषय, क्रेडिटसह. उजवीकडे प्रत्येकासमोर तिकडचा विषय, त्याचा क्रमांक, ईसीटीएस, शिकवण्याची भाषा, कोणत्या सेमिस्टरमध्ये चालतो आणि परीक्षा कशी. ‘कोणत्या सेमिस्टरमध्ये’ हा रकाना विसरू नका. जर्मनीत पुष्कळ विषय वर्षातून एकदाच शिकवतात. दोन्हीकडचा अभ्यासक्रम निम्म्याहून जास्त जुळला की शिक्षक साधारण मान्य करतात, पण त्यासाठी त्यांना नुसतं विषयाचं नाव देऊ नका. माहितीपत्रकाचं ते पान भाषांतरासह छापून समोर ठेवा. प्रत्येक विषयाला एक पर्यायी विषयही आताच मान्य करून ठेवा. जे तिकडे मिळतच नाहीत, उदाहरणार्थ आपल्याकडचे सक्तीचे छोटे विषय, ते परत आल्यावर कधी आणि कसे द्यायचे तेही लिहून घ्या.

हा सगळा तक्ता ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाच्या कागदावर उतरतो. त्यावर तीन सह्या लागतात: तुमची, तुमच्या कॉलेजची, तिकडच्या विद्यापीठाची. तिथे पोहोचल्यावर एखादा विषय बदलावा लागणं अगदी नेहमीचं आहे. वेळापत्रक भिडतं, विषय रद्द होतो. तेव्हा बदलाचा कागद नव्याने भरून पुन्हा तिन्ही सह्या घ्यायच्या. माझा एक विषय हिवाळ्यात चालणार नाही असं ऑक्टोबरमध्ये कळलं. मी विभागाला फोन केला, ‘दुसरा घे, चालेल’ असं उत्तर आलं, आणि मी ते पुरेसं धरलं. परत आले तोवर ते सर बदलून गेले होते. नव्या माणसाकडे त्याची कुठेच नोंद नव्हती. सहा ईसीटीएसचा विषय चांगल्या गुणांनी पास होऊनही मला आपल्याकडचा विषय चौथ्या वर्षात ज्युनिअर मुलांबरोबर बसून द्यावा लागला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: तोंडी होकार मिळाला की त्याच संध्याकाळी ‘आपल्या बोलण्यानुसार’ असं सुरू होणारं ईमेल पाठवा आणि उत्तर येईपर्यंत आठवण करत राहा.

गुणांचं काय होणार, हेही आधी विचारा. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० पर्यंत पास, ५.० नापास. आकडा जितका लहान तितके गुण चांगले, हे आपल्या परीक्षा विभागाला कुणीतरी समजावून सांगावं लागतं. काही कॉलेजं हे गुण आपल्या दहाच्या मापात बदलून सीजीपीएत धरतात, काही फक्त क्रेडिट जमा करतात. दुसरी पद्धत असेल तर धाडसाने अवघड विषय घ्या. पहिली असेल तर रूपांतराचा तक्ता आधी मागून घ्या.

भाषा

युरोपात भाषेची पातळी ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ (सर्वोच्च) अशी मोजतात. विषय इंग्रजीतून असतील तर साधारण बी२ पातळीचं इंग्रजी पुरतं. जर्मनमधून शिकायचं तर बहुधा बी१ किंवा बी२ जर्मन मागतात. पण इंग्रजीतून शिकणाऱ्यांनीही ए२ पर्यंत जर्मन शिकूनच निघावं असं माझं ठाम मत आहे. वर्गात इंग्रजी चालतं. घरभाड्याचा करार, विम्याचं पत्र, पालिकेच्या खिडकीमागच्या बाईंचं बोलणं, हे सगळं जर्मनमध्ये असतं. पुण्यात बोट क्लब रस्त्यावरचं मॅक्स म्युलर भवन किंवा फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईत काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन, अशी शिकायला जुनी आणि चांगली ठिकाणं आपल्याकडे आहेत.

मराठी माणसाला ही भाषा एका बाबतीत जवळची आहे. हिंदीत नसलेलं नपुंसकलिंग आपल्याकडे आहे, जर्मनमध्येही आहे. ‘तो, ती, ते’ची सवय असल्यामुळे ‘देअर, दी, दास’ ऐकून आपण दचकत नाही. आणि जर्मन ‘झेड’चा उच्चार म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च. वर्गात बाकीचे त्यासाठी जीभ वळवत होते, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

वर्षभर आधीपासूनचं वेळापत्रक

ऑक्टोबरमध्ये जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय विभागात जा आणि करार असलेल्या विद्यापीठांची यादी मागा. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांमध्ये २०१५ पासून भागीदारी आहे, मुंबई आणि श्टुटगार्ट ही तर १९६८ पासूनची भगिनी शहरं. त्या भागातल्या संस्थांशी आपल्या कॉलेजचा करार आहे का, हे आवर्जून विचारा. करार चालू आहे का तेही विचारा. यादीतल्या काही करारांची मुदत संपलेली असते आणि ते कुणी पाहिलेलं नसतं.

कॉलेजची अंतर्गत निवड साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते: गुण, हेतुपत्र, मुलाखत. मग कॉलेज तुमचं नाव तिकडे कळवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. ते गेल्याशिवाय तुम्ही स्वतः काहीही भरू शकत नाही. हिवाळी सेमिस्टरसाठी हे बहुतेक ठिकाणी एप्रिल-मेच्या सुमारास, आणि त्यानंतर तुमचा अर्ज मे ते जुलै. प्रवेशपत्र हाती आलं की पुढचं चाक फिरतं. पासपोर्ट नसेल तर तो पहिल्याच महिन्यात करा, असेल तर त्याची मुदत परतीच्या पुढे आहे ना ते पाहा.

शिष्यवृत्त्यांसाठी डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची माहिती बघाच. युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेतून भारतीय विद्यार्थ्यांनाही सेमिस्टरपुरती मदत मिळू शकते, पण दोन्ही विद्यापीठांनी मिळून तो प्रकल्प घेतलेला असेल तरच, त्यामुळे ते विचारायचं ठिकाण पुन्हा तुमचंच कॉलेज. महाडीबीटीची शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी नूतनीकरण आणि हजेरी कशी दाखवायची हे निघण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात स्पष्ट करून घ्यावं.

पैसे

व्हिसासाठी दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. अर्ज भरताना चालू आकडा वकिलातीच्या पानावर पुन्हा पाहा. ही रक्कम बहुतेक जण ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवतात. भारतातूनच ऑनलाइन खातं उघडायचं, पैसे भरायचे, आणि तिकडे गेल्यावर दरमहा ठरलेला हप्ता आपल्या साध्या खात्यात येतो. युरो १०० रुपयांच्या आसपास धरला तर हे जवळपास १२ लाख होतात. सहा महिनेच राहणार असाल तर तेवढ्याच महिन्यांचे दाखवायचे.

रुपये बाहेर पाठवताना बँक पॅन आणि ‘ए२’ नावाचा परदेशी रक्कम पाठवण्याचा अर्ज मागते. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेने पैसे पाठवतानाच घेतलेला कर, लागत नाही, त्यापुढच्या रकमेवर लागतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर नाही. कापलेला टीसीएस बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. मात्र ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्यालाच तो मिळतो. तेव्हा आई पाठवणार की बाबा, हे घरी आधी ठरवा.

हे ९९२ पुरतात का? छोट्या शहरात, वसतिगृहात राहिलात तर हो. खोलीला ३०० ते ४५०, आरोग्यविम्याला १४० ते १५०, स्वतः रांधून जेवलात तर २०० च्या आसपास, उरलेल्यात फोन, वह्या, एखादा प्रवास. म्युनिकमध्ये मात्र भाडंच बजेट खातं. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी असते आणि जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. तरी पहिल्या सेमिस्टरच्या खर्चात ही कमाई धरू नका. काम शोधण्यातच डिसेंबर उजाडतो, आणि फेब्रुवारीत परीक्षा असतात.

व्हिसा

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर शेंगेन व्हिसा चालत नाही, ‘राष्ट्रीय व्हिसा’ लागतो. त्याचं शुल्क ७५ युरो आहे. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्या भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला, सक्तीचं झालं. तुमचा प्रकार एक्सचेंजचा आहे हे प्रवेशपत्रावर स्पष्ट लिहून घ्या आणि वकिलातीची एक्सचेंज विद्यार्थ्यांसाठीची कागदांची यादीच वापरा, मित्राच्या मास्टर्सच्या व्हिसाची नको. प्रवेशपत्र, कॉलेजचं ‘हा आमचा विद्यार्थी आहे आणि परत येऊन इथेच पदवी पूर्ण करणार’ असं पत्र, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, पैशांचा पुरावा, विमा, गुणपत्रिका, हेतुपत्र. हेतुपत्रात जर्मनीचं कौतुक करू नका. कोणते विषय, ते आपल्या अभ्यासक्रमात कुठे बसतात आणि परत कधी येणार, एवढंच सरळ लिहा.

प्रवेशपत्र आल्या आठवड्यात अर्ज करा, कारण जून ते सप्टेंबर सगळ्यांचीच गर्दी असते. व्हिसा हातात आला की त्यावरच्या तारखा आणि नावाचं स्पेलिंग लगेच तपासा. काहींना पूर्ण मुक्कामाचा व्हिसा मिळतो, काहींना तीन-सहा महिन्यांचा. दुसऱ्या प्रकारात मुदत संपण्याआधी तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयातून निवासपरवाना काढावा लागतो. त्याची वेळ मिळायला महिने जातात, म्हणून पोहोचल्या महिन्यातच अर्ज टाका.

खोली

प्रवेशपत्राची वाट न पाहता, नॉमिनेशन झाल्याबरोबर ‘श्टुडिअरेंडनवेर्क’च्या वसतिगृहासाठी अर्ज करा. एक्सचेंज विद्यार्थ्यांसाठी काही खोल्या राखीव असतात आणि त्या स्वस्त असतात. नाही मिळाली तर ‘व्हेगे’, म्हणजे चार जणांनी वाटून घेतलेलं घर. जाहिरातीत ‘काल्टमीटं’ असेल तर ते नुसतं भाडं. ‘वार्ममीटं’मध्ये हीटिंग आणि इतर खर्च येतात. तुलना नेहमी वार्मचीच करा. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

आणि कृपा करून, खोली पाहिल्याशिवाय, करार हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका. ‘मी सध्या परदेशी आहे, पैसे टाका, चावी कुरिअरने येईल’ असं म्हणणारा प्रत्येक जण फसवतो आहे असंच धरून चाला. खोली न मिळताच निघायची वेळ आली तर पहिले दोन आठवडे प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये काढा, ते परवडतं.

बॅग

इथे मी लांबण लावत नाही. डाळ, तांदूळ, पोहे, रवा तिकडच्या आशियाई दुकानांत मिळतात. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट मिळत नाही, ते न्या. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवायचे. बहुतेक ताजी फळं आणि पालाही तपासणी-प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. हापूस नाही, हिरवा कढीपत्ता नाही. आजीला हे समजावणं अवघड असतं, पण विमानतळावर तिचा डबा कचऱ्यात जाताना पाहणं त्याहून अवघड.

छोटा कुकर न्या, पण इंडक्शनवर चालणारा. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, भिंतीवरचं सॉकेट मात्र वेगळं, आपले तीन पिनांचे प्लग त्यात बसत नाहीत, म्हणून दोन-तीन अ‍ॅडॅप्टर हवेत. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दातांचं आणि चष्म्याचं काम इथेच उरका. भारतीय सिमवर रोमिंग सुरू करून ते वर्षभर किमान रिचार्जवर जिवंत ठेवा, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, हॉस्टेल अशा कामांसाठी घरच्या एका माणसाच्या नावे अधिकारपत्र करून कॉलेजला देऊन ठेवा.

पहिले दोन आठवडे

एका कागदावाचून दुसरा मिळत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. खोलीत राहायला आलात की घरमालकाकडून किंवा वसतिगृहाकडून ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा पुरावा घ्या. तो घेऊन दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या ‘ब्यूर्गरआम्ट’ कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करायची. तिथे भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, ती भारतातूनच शोधायला लागा. नोंदणीचा कागद बँकेला, विम्याला, निवासपरवान्याला, सगळीकडे लागतो. त्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा.

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्यविमा घ्यावा लागतो. व्हिसासाठी घेतलेला प्रवासविमा फक्त येण्यापासून विद्यापीठात नाव लागेपर्यंतच्या दिवसांसाठी. स्वस्त खासगी विम्यासाठी सरकारी विम्यातून सूट घेतली तर शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही, त्या फंदात पडू नका. विमा कंपनीच विद्यापीठाला ‘एम१०’ नावाचा संदेश पाठवते, तो गेल्याशिवाय नोंदणी पूर्ण होत नाही. नंतर घरी एक पत्र येतं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ती द्यावीच लागते. वाटून घेतलेल्या घरात एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी वाटा द्यायचा.

तास आणि परीक्षा

आपल्याकडे टर्मवर्क, सबमिशन, अंतर्गत गुण, हजेरी अशी वर्षभर कुणीतरी पाठीवर असतं. तिकडे बहुतेक व्याख्यानांना हजेरी नसते, आणि कित्येक विषयांत सगळे गुण शेवटच्या एका परीक्षेत. हे मोकळेपण पहिल्या दोन महिन्यांत घात करतं. व्याख्यानाबरोबर ‘यूबुंग’ नावाचा उदाहरणं सोडवायचा तास असतो, तो एकही चुकवू नका. परीक्षा त्याच धाटणीची असते. वेळापत्रकात १० च्या पुढे ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर तास १०.१५ ला सुरू होतो. ‘एस.टी.’ असेल तर दहाच्या ठोक्याला.

सगळ्यात मोठी गोष्ट: विषयाला बसलात म्हणून परीक्षेला बसता येत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, विद्यापीठाच्या पोर्टलवर, ठरलेल्या मुदतीत करावी लागते. मुदत परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते आणि कुणी आठवण करून देत नाही. उशीर झाला तर विनंतीला सहसा मान मिळत नाही. ऑक्टोबरमध्येच सगळ्या मुदती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि नोंदणी झाल्यावर पोर्टलचा स्क्रीनशॉट ठेवा.

नोव्हेंबर-डिसेंबर कठीण जातो, हे आधी कळलेलं बरं. साडेचारला अंधार होतो, रविवारी दुकानं बंद, आणि दिवाळी नेमकी तासांच्या गर्दीत येते. मला त्या दिवसांत घरचा फोन ठेवल्यावर फार रडू यायचं. रोज उजेडात अर्धा तास बाहेर चालणं आणि आठवड्यातून एकदा कुणालातरी जेवायला बोलावणं, या दोन गोष्टींनी मला तारलं. थालीपीठ सगळ्यांना आवडतं. म्युनिक, फ्रांकफुर्ट, बर्लिनसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम होतात, जरूर जा. पण सगळे शनिवार-रविवार आपल्याच लोकांत काढलेत तर जर्मन शिकायचं राहून जाईल. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग अगदी थोड्या पैशांत असतात आणि मैत्री तिथेच होते.

परत येताना

उन्हाळी सेमिस्टरच्या तासांचे शेवटचे आठवडे सुरू झाले की आवराआवरीची पत्रं लिहायला घ्या. वसतिगृहाला खोली सोडण्याची लेखी सूचना करारातल्या मुदतीप्रमाणे, विमा, फोन, रेडिओ-टीव्हीची वर्गणी, जिमचं सदस्यत्व. प्रत्येकाला वेगळं पत्र आणि प्रत्येकाची पोच. पालिकेत पत्त्याची नोंद रद्द करायची, त्याला ‘आबमेल्डुंग’ म्हणतात. खोली घेताना आणि सोडताना काढलेले फोटो अनामत परत मिळवताना कामी येतात. अनामत यायला काही महिने लागतात, म्हणून ती जमा होईपर्यंत जर्मन बँक खातं बंद करू नका.

निघण्याआधी परीक्षा विभागात जाऊन ट्रान्सक्रिप्ट कसं आणि कधी मिळेल ते विचारा. एखादा निकाल लागायचा असेल तर इंग्रजी प्रत तुमच्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागाला थेट ईमेलने पाठवायला सांगा, तुम्हालाही प्रत ठेवा. पुण्यात उतरल्यावर पहिल्या आठवड्यात ट्रान्सक्रिप्ट, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट आणि त्यातल्या बदलांचे कागद एकत्र शिवून विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. महिनाभराने परीक्षा विभागात जाऊन तिसऱ्या वर्षाची गुणपत्रिका प्रत्यक्ष पाहा. विषयांची नावं, क्रेडिटची बेरीज, गुणांचं रूपांतर, एकेक ओळ तुमच्या तक्त्याशी ताडून बघा. चूक असेल तर त्याच दिवशी अर्ज द्या. पदवीचं प्रमाणपत्र छापून झाल्यावर तीच दुरुस्ती फार लांबते.